गाडीच्या केबिनमधला वारा आणि रस्त्याचा आवाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी महागडी गाडी घेतलेले आणि हौसेनं सात-आठ वर्षं जुनी जर्मन गाडी घेतलेले, दोघांकडूनही हेच प्रश्न फिरून फिरून येतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. क्रमानं वाचायची गरज नाही. पण गाडीच्या पत्र्याला आवाज दाबणारी शीट लावून घ्यायचा (डॅम्पिंगचा) बेत असेल, तर आधी प्रश्न ३ आणि ४ वाचा. बऱ्याच जणांचे पैसे तिथेच वाचतात.

१. पाऊण कोटीची गाडी आहे, तरी १०० च्या पुढे एवढा आवाज का येतो?

इंजिन शांत आहे म्हणून. छोट्या गाडीत इंजिनाची घरघर बाकीचे आवाज झाकून टाकते. तुमच्या गाडीत ते पांघरूणच नाही. त्यात वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर झपाट्यानं चढतो. त्याची ताकद साधारण वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ८० वरून १२० ला गेलं की सुमारे १० डेसिबलची भर. कानाला हे जवळपास दुप्पट वाटतं. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे, त्यामुळे शहरात कधी न ऐकलेला आवाज लोकांना तिथे पहिल्यांदा ऐकू येतो.

दुसरं कारण आपलंच. स्पोर्ट व्हेरियंट, २० इंची अलॉय, पट्टीसारखे बारीक कडेचे रुंद टायर हे सगळं दिसायला झकास असतं, पण रस्त्याचा धक्का आणि आवाज आत घ्यायलाही तेच पुढे असतं. त्याच मॉडेलची १८ इंची चाकांची गाडी एकदा चालवून बघा.

२. वाऱ्याचा आवाज कुठला आणि रस्त्याचा कुठला, हे ओळखायचं कसं?

वेग तोच ठेवा आणि रस्ता बदलू द्या. काँक्रीटवरून डांबरी पट्ट्यावर गाडी आली आणि आवाज एकदम बसला, तर तो टायरचा. रस्ता बदलूनही फरक नाही, पण शेजारून ट्रक गेला किंवा आडवा वारा आला की आवाज बदलतो, तर तो वाऱ्याचा. त्याच रस्त्यानं परत या. वारा समोरचा होता तो पाठीमागून आला, की फरक लगेच कळतो.

जागाही सांगते. वारा कानाच्या उंचीवर सूं करतो: आरशाजवळ, काचेच्या वरच्या कडेला. रस्ता पायाखालून आणि पाठीमागून गोंगावतो. साधारण ४०० ते ५०० हर्ट्झच्या खालचा रस्त्याचा आवाज प्रामुख्यानं सस्पेन्शन आणि पत्र्यातून चढत येतो, त्याच्या वरचा हवेतून. दोघांवरचे उपाय वेगळे आहेत, ते प्रश्न ११ मध्ये.

३. तपासण्या कशाला? थेट चारी दारांचं डॅम्पिंग करून घेतलं तर?

घ्या, पण आवाज दारातून येत असेल तर. एका गृहस्थांनी चारी दारं आणि डिक्की करून घेतली. परत आले ते वैतागूनच, गोंगाट तसाच होता. मागच्या टायरवर तळहात फिरवला तर करवतीच्या पात्यासारखे दाते लागले. अलाइनमेंट बिघडलेली आणि टायर तसेच झिजलेले. टायर बदलले, अलाइनमेंट केलं, आवाज गेला. शीटचे पैसेही गेले.

म्हणून आधी फुकटाच्या गोष्टी बघा. टायर थंड असताना हवा, दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाआड लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. टायरची झीज, दोन्ही दिशांनी हात फिरवून. मग बेअरिंग: वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं डावीकडे वळताना वाढली, तर संशय उजव्या चाकावर, कारण तेव्हा भार तिकडे जातो. जुनी गाडी असेल तर शॉकअप आणि सस्पेन्शनचे बुश. आणि गाडीखालचे प्लॅस्टिकचे पत्रे! सर्व्हिसिंगला ते उतरवतात, बसवताना चार क्लिपा कमी लागतात, आणि हायवेवर ते फडफडत राहतात. बॉनेटच्या मागच्या कडेचं रबरही असंच गायब झालेलं सापडतं.

४. आवाज कुठून येतोय, हे घरच्या घरी शोधता येईल का?

येईल. तीन चाचण्या सांगतो, खर्च जेमतेम एका चिकटपट्टीचा.

रंगकाम करणारे वापरतात ती कागदी मास्किंग टेप आणा. दारांच्या फटी, काचेच्या कडा, आरशाचं बूड, सनरूफची चौकट, सगळं बाहेरून बंद करा. ड्रायव्हरचं दार अर्थातच आत बसून मित्राकडून. गाडी चालवा. आवाज कमी झाला, तर एकेक पट्टी काढत पुन्हा चालवा. जी काढल्यावर सूं परत आलं, ती जागा. टेप उन्हात ठेवू नका, रंगावर डिंक राहतो.

दुसरी नोटेची. दाराच्या रबरात नोट धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी अडली पाहिजे. जिथून अलगद सुटते तिथे रबर दबलेलं आहे किंवा दार नीट बसलेलं नाही.

तिसरी गोधडीची, आणि माझी सगळ्यात आवडती. घरातल्या दोन-तीन जाड गोधड्या डिक्कीत, मागच्या चाकांच्या कमानींवर आणि स्टेपनीच्या खड्ड्यात गच्च घालून एक फेरी मारा. फरक पडला, तर तिथे काम करण्यात अर्थ आहे. नाही पडला, तर गोधड्या घरी परत.

५. मोबाइलच्या ॲपवर ६४ डेसिबल दाखवतं. जास्त आहे का?

त्या आकड्याची दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी तुलना करू नका. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. पण तोच फोन, त्याच जागी, तोच रस्ता, तोच वेग, एसी पंखा त्याच नंबरवर असं असेल तर आधी-नंतरचा फरक बघायला तो पुरतो. फोन शेजारी बसलेल्याच्या हातात द्या. ३ डेसिबलचा फरक स्पष्ट जाणवतो, १ चा फारसा नाही. आणि ए-वेटिंगचा, म्हणजे माणसाच्या कानाप्रमाणे जुळवलेला आकडा खोल घुमणारा आवाज कमी धरतो. डोकं धरतं ते या घुमण्यामुळे, त्यामुळे कधी आकडा हलत नाही पण प्रवास सुसह्य होतो.

६. टायर बदलून खरंच फरक पडतो? कोणते घ्यावेत?

रस्त्याच्या आवाजासाठी यापेक्षा मोठा उपाय नाही. टायर तसेही झिजणारच असतात, तेव्हा पुढच्या बदलाच्या वेळी विचार करा.

टायरच्या आतली हवा चाकाभोवती गोल नळीसारखी अडकलेली असते आणि २०० ते २५० हर्ट्झच्या दरम्यान घुमते. जोडावरून किंवा खड्ड्यातून गेल्यावर ऐकू येणारा पोकळ ‘टोंग’ तो हाच. त्यावर कंपन्यांनी टायरच्या आत पॉलियुरेथेन फोमची पट्टी चिकटवायला सुरुवात केली. कॉन्टिनेन्टल त्याला कॉन्टिसायलेंट म्हणते, मिशेलिन अकूस्टिक, पिरेली पीएनसीएस. ही पट्टी तो टोंग चांगला खाते. ट्रेडचा, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार भागाचा खरखराट मात्र तिच्यामुळे जात नाही, तो नक्षी आणि रबरावर ठरतो.

युरोपियन लेबलवर डेसिबलचा आकडा आणि ए, बी, सी असा वर्ग असतो. लक्षात ठेवा, तो बाहेर, रस्त्याच्या कडेला मोजलेला आवाज आहे, केबिनमधला नाही. दिशा दाखवतो, हमी देत नाही. टायरवर बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ, पोर्शसाठी एन अशी खूण असते. ती असेल तर तो टायर त्या गाडीसाठी जुळवलेला आहे. चारी टायर एकाच जातीचे घ्या. पुढे एक आणि मागे एक कंपनी केलीत, तर दोन वेगळे सूर ऐकत बसाल.

७. रनफ्लॅट काढून साधे टायर टाकू का?

आवाज आणि धक्के, दोन्ही कमी होतील. रनफ्लॅटची कड जाड आणि ताठ असते, हवा गेल्यावरही गाडी पेलता यावी म्हणून. पण त्या गाड्यांत बहुधा स्टेपनी नसते, तिची जागाही नसते. रात्री कशेडी किंवा आंबा घाटात पंक्चर झालं तर काय, याचं उत्तर आधी शोधा: पंप, पंक्चर किट, शक्य असल्यास डिक्कीत बसेल अशी बारीक स्टेपनी. शहरातच फिरणाऱ्यानं बदल जरूर करावा. एकट्यानं लांब, आडमार्गानं जाणाऱ्यानं दोनदा विचार करावा. मिसळ करू नका, बदलायचे तर चारी.

८. फोमवाल्या टायरचं पंक्चर निघतं का?

निघतं. आतून पॅच मारताना त्या जागेचा फोम कापून काढावा लागतो, मग पुन्हा चिकटवतात किंवा तेवढी जागा रिकामी ठेवतात. हे ठाऊक असलेल्या दुकानात जा. हायवेच्या टपरीवर बाहेरून दोरी भरून घरापर्यंत येता येतं. बाटलीतलं सीलंट शक्यतो नको, फोम ते पिऊन टाकतो आणि चाकाचा तोल बिघडतो.

९. हवा दोन-चार पाउंड कमी ठेवली, किंवा नायट्रोजन भरला तर?

नायट्रोजननं आवाजात काही होत नाही. हवा कमी ठेवल्यानं रस्ता किंचित मऊ लागेल, पण टायर तापेल, कडा झिजतील आणि उन्हाळ्यात १२० ला तो फुटण्याचा धोका वाढेल. करू नका. उलट बाजूही बघा: बऱ्याच पंपांवर सवयीनं जास्त हवा भरतात, आणि ती नेमकी केल्यावरच तक्रार मिटते.

१०. ऑनलाइन मिळणारी रबराची पट्टी दारांना लावली तर वारा थांबेल?

मूळ रबर थकलं असेल, तर मूळच बदला. आधी ओल्या फडक्यानं पुसून रबरासाठीचं सिलिकॉन ग्रीस हलक्या हातानं लावून बघा, दबलेलं रबर पुष्कळदा थोडं सावरतं. पेट्रोल, रॉकेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे रबराला लावू नका.

जादा पट्टी पोकळ आणि मऊ असेल, आणि जिथे मुळात फट आहे तिथेच लावली, तर काम करते. सगळीकडे लावली की दार आपटावं लागतं. मग दार लॉकवर नीट बसत नाही आणि फट उलट वाढते. आपोआप ओढून घेणारी सॉफ्ट-क्लोज दारं असतील तर त्या मोटरवर ताण येतो.

रबर शोधण्याआधी बाहेर काय लावलंय तेही पाहा. पावसाचे व्हायझर, छतावरच्या आडव्या दांड्या, बॉनेटवरच्या झेंड्याची काठी, सगळे वाऱ्यात शिट्टी वाजवतात. लिंबू-मिरचीचा आवाज होत नाही, ती राहू द्या.

११. डॅम्पिंग शीट, फोम, एमएलव्ही: दुकानदार तिन्ही घ्या म्हणतो. फरक काय?

तिघांची कामं वेगळी आहेत, आणि फसगत इथेच होते.

डॅम्पिंग शीट म्हणजे ब्युटिल रबर आणि वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा. ती पत्र्याचं थरथरणं शोषून त्याची उष्णता करते. पत्र्यावर टिचकी मारा: आधी ‘टण’, लावल्यावर ‘ठप’. पण हवेतून येणारा आवाज ती फारसा अडवत नाही. म्हणून पत्रा काठोकाठ मढवायची गरज नसते. मधला सपाट, थरथरणारा पाव ते एक तृतीयांश भाग झाकला की बहुतेक फायदा मिळतो. बाकी वजन आणि बिल. स्वस्त म्हणून डांबराची शीट घेऊ नका, आपल्या उन्हाळ्यात ती वास मारते आणि ओघळते.

एमएलव्ही म्हणजे जड, लवचिक विनाइलचा पडदा. हवेतून येणारा आवाज अडवायला वजन लागतं, ते हा देतो. नेहमीची जाडी चौरस मीटरला सुमारे ५ किलो. तो सलग हवा. भिंतीत एक टक्का जागा उघडी राहिली, तर ती भिंत कितीही भारी असो, २० डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही. तुकडे तुकडे टाकलेला एमएलव्ही म्हणजे भोकांची छत्री. त्याच्याखाली फोमचा थर असावा, म्हणजे तो पत्र्याला चिकटून पत्र्याबरोबर हलत नाही.

फोम किंवा नमदा आतला गुंजारव शोषतो आणि प्लॅस्टिकची कुरकुर थांबवतो. ओल लागेल अशा जागी बंद पेशींचाच, म्हणजे पाणी न पिणारा फोम, नाहीतर पावसाळ्यात कुबट वास पाठ सोडत नाही.

१२. बजेट एकाच जागेपुरतं आहे. दारं, फ्लोअर की डिक्की?

रस्त्याच्या आवाजाला मागच्या चाकांच्या कमानी आणि डिक्की, मग फ्लोअर. दारं त्यानंतर. दुकानं दारं आधी सुचवतात, कारण ती लवकर होतात आणि म्युझिकचा आवाज सुधारल्यानं गिऱ्हाईक खूश होतं. फ्लोअरला सीटा आणि गालिचा काढावा लागतो. दिवसभराचं काम आहे. सेव्हन-डी मॅट म्हणजे साउंडप्रूफिंग नव्हे, सुशोभन. छताला हात लावायचा तर पावसाच्या टपटपीसाठी, बाकी फायदा थोडा. तिथल्या धोक्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

१३. काम करून घेताना कशावर लक्ष ठेवायचं?

उभे राहा. लाज वाटू देऊ नका.

दाराच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात. माझ्याच एका जुन्या गाडीची भोकं शीटखाली बुजली. पहिल्या पावसाळ्यात दारात पाणी खळखळायला लागलं, दुसऱ्यात गंज. काम संपल्यावर काचेवर बाटलीभर पाणी ओता आणि खाली गळतंय का बघा.

दुसरं जास्त गंभीर आहे. बऱ्याच महाग गाड्यांत दाराच्या पोकळीत हवेच्या दाबाचा सेन्सर असतो. बाजूनं धडक बसली की दारातली हवा दाबली जाते, त्यावरून तो बाजूच्या एअरबॅगला इशारा देतो. आतलं मूळ आवरण फाडलं, नवी भोकं पाडली किंवा पोकळी फोमनं भरली, तर त्याचा अंदाज चुकू शकतो. आवरण अखंड राहिलंच पाहिजे. खांबांच्या प्लॅस्टिकमागे आणि छताच्या कडेला पडद्यासारख्या एअरबॅग असतात, तिथे काहीही कोंबायचं नाही. सीटा काढताना आधी बॅटरी सोडवायची, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागतो. वॉरंटी चालू असेल तर डीलरकडून लेखी विचारून घ्या.

१४. मी मागे बसतो. ड्रायव्हर म्हणतो आवाज नाही, मला तर येतो.

दोघंही खरं बोलताय. तुम्ही मागच्या कमानींच्या शेजारी बसता, तो पुढे. एसयूव्हीत तर डिक्की आणि केबिन यांच्यात भिंतच नसते. सेडानमध्ये मागच्या सीटच्या पाठीमागचा पत्रा आणि वरचा ट्रे पाहा. गोधडीची चाचणी (प्रश्न ४) तुम्ही स्वतः मागे बसून करा, ड्रायव्हरच्या मतावर नको.

१५. जाड काच किंवा फिल्म लावून वारा कमी होतो का?

फिल्मनं नाही, ती इतकी पातळ असते की आवाजाला कळतही नाही. शिवाय पुढच्या काचेतून ७० आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश जायला हवा, हा नियम आहेच.

काच मात्र मोठा फरक करते. साधी ४ मिलिमीटर टफन काच ३००० हर्ट्झच्या आसपास आवाज अडवायला कमी पडते, आणि आपला कान नेमका तिथेच तिखट. अकूस्टिक काचेत दोन पातळ काचांमध्ये मऊ थर असतो, तो ही गळती दाबतो. १९९१ च्या एस-क्लासनं तर बाजूला दुहेरी काचाच दिल्या होत्या. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला अकूस्टिक काच येत असेल, तर ती पुढच्या दोन दारांना बसवता येते का ते विचारा. महाग आहे, पण वाऱ्यावर याच्याइतका नेमका उपाय क्वचितच.

पुढची काच फुटून बदलल्यापासून आवाज वाढला असेल, तर कोपऱ्यावरची खूण वाचा. अकूस्टिकऐवजी साधी बसवली असण्याची शक्यता दाट. हेड-अप डिस्प्ले (पुढच्या काचेवर वेग वगैरे दाखवणारी सोय) असेल तर चुकीच्या काचेत आकडे दुहेरी दिसतात.

१६. सनरूफ बंद असूनही सूं येतं.

काचेवर तळहात ठेवून बघा. पुढची कड छताच्या बरोबरीत किंवा जेमतेम खाली हवी, मागची बरोबरीत किंवा जराशी वर. पुढची वर आली की वारा तिथेच अडतो. जुळवायचे स्क्रू असतात, पण हे काम माहितगाराचं. रबर पुसा, कचरा काढा, ग्रीस प्रश्न १० प्रमाणे.

१७. मागची एक काच उघडली की कानात धपधप होते. गाडीत दोष आहे?

नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर ती जशी घुमते, तशी अख्खी केबिन घुमते. दुसरी कुठलीही काच बोटभर उघडा, थांबेल.

१८. बॅटरी बदलल्यापासून दारातून वारा येतो, हे शक्य आहे?

चौकट नसलेली दारं असतील तर अगदी शक्य. अशा दाराची काच उघडताना थोडी खाली येते आणि लावल्यावर वर जाऊन रबरात बसते. बॅटरी सोडवली की वरची हद्द ती विसरते. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचं असतं. नेमकी पद्धत मॅन्युअलमध्ये आहे.

१९. स्पीकरमधून आवाज मारणारी यंत्रणा असताना वेगळं काम कशाला?

ती यंत्रणा (नॉइज कॅन्सलेशन) खालच्या सुरांवर चालते, काहीशे हर्ट्झपर्यंतच्या घुमण्यावर. वाऱ्याचं सूं तिच्या आवाक्याबाहेर आहे. आणि अशा गाडीत कंपनीचे स्पीकर किंवा ॲम्प्लिफायर बदलण्याआधी थांबा. तिचं गणित मूळ स्पीकर धरून केलेलं असतं. ते बिघडलं की ती आवाज मारण्याऐवजी स्वतःच घुमायला लागते.

२०. इलेक्ट्रिक गाडीला हेच सगळं लागू आहे?

बहुतेक. इंजिनच नसल्यानं वारा आणि टायर आणखी उघडे पडतात, आणि वजनामुळे टायर लवकर झिजून गोंगाट करू लागतात. फ्लोअरखाली बॅटरी असते. तिथे ड्रिल, स्क्रू, काही म्हणजे काही नको. नारिंगी, म्हणजे उच्च दाबाच्या विजेच्या केबलपासून हात लांब.

२१. अंडरबॉडी कोटिंगनं आवाज जातो, असं शोरूममध्ये सांगतात.

खडे आणि पाणी आपटण्याचा आवाज थोडा कमी होतो. गोंगाट जात नाही. गंजासाठी करा. त्यापेक्षा चाकाच्या कमानीत प्लॅस्टिकऐवजी नमद्याचे लायनर मिळत असतील तर ते घ्या.

२२. सगळं केलं. आता डॅशबोर्डमधून कुरकुर ऐकू येते, ती आधी नव्हती!

होती. गोंगाटाखाली दबलेली होती. रोल्स-रॉइसनं २०२० ची घोस्ट बनवताना १०० किलोच्या वर आवाज शोषणारा माल घातला. मग ती इतकी शांत झाली की माणसाला चमत्कारिक वाटायला लागलं, आणि त्यांनी मुद्दाम एक बारीक, एकसुरी कुजबूज ठेवली. तुमची गाडी तिथवर जाणार नाही, पण वाट तीच.

कुरकुर शोधायला शेजारी एकाला बसवा आणि खराब रस्त्यावरून सावकाश जात एकेक भाग त्याला तळहातानं दाबायला सांगा. डॅशबोर्ड उघडायची घाई करू नका. आधी चष्म्याचा कप्पा, हातखणातली नाणी, मागच्या रिकाम्या सीटबेल्टचं बक्कल आणि डिक्कीतला जॅक बघा.